पाठ आणि राख : 'फॅरनहाइट ४५१'चे मराठी वाचन

१

रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचे बीज १९५१ साली 'गॅलक्सी' या नियतकालिकात आलेल्या 'द फायरमन' या दीर्घकथेत होते. ज्या अंशाला कागद पेट घेतो असे लेखकाने मानले तो अंश म्हणजे तिचे शीर्षक. १९३३ सालच्या मे महिन्यात जर्मनीत नाझी विद्यार्थ्यांनी केलेल्या ग्रंथहोळ्या आणि अमेरिकेतील मॅकार्थी-कालखंडातील संशयाचे वातावरण, ही तिची नजीकची पार्श्वभूमी होय. झाम्यातिन, हक्सली आणि ऑर्वेल यांच्या दुःस्वप्नलोकांच्या मालिकेत ती सामान्यतः बसवली जाते आणि 'ग्रंथबंदीविरुद्धची कादंबरी' एवढ्या एका वाक्यात तिची बोळवण केली जाते. ही बोळवण कादंबरीवर अन्याय करणारी आहे. शिवाय, ग्रंथाच्या नाशाचा दीर्घ आणि गुंतागुंतीचा इतिहास ज्या भाषेच्या गाठी आहे त्या मराठीच्या वाचकाला ती अपुरीही पडते. बुडवलेली गाथा, सांकेतिक लिपीत दडवलेले पोथीवाङ्मय, महाडला जाळलेली मनुस्मृती आणि पुण्यात उद्ध्वस्त झालेले ग्रंथालय ही सारी उदाहरणे एकाच नावाने ओळखता येतील काय, हा प्रश्न या कादंबरीच्या निमित्ताने विचारावयास हवा.

२

कादंबरीची घडण त्रिभागात्मक आहे. गाय माँटॅग हा 'फायरमन'. त्याच्या काळात घरे अग्निरोधक झाली असल्याने आग विझवण्याचे काम उरलेले नाही. ग्रंथ आणि ग्रंथ असलेली घरे जाळणे हेच त्याच्या खात्याचे काम झाले आहे. क्लॅरिस या शेजारच्या मुलीशी झालेल्या भेटी आणि आपल्या पुस्तकांसह स्वतःला पेटवून घेणारी वृद्धा, या दोन घटनांनी त्याची शांती ढळते. त्याची पत्नी मिल्ड्रेड भिंतीएवढ्या पडद्यांवरील 'कुटुंबा'त रमलेली आहे. फेबर या निवृत्त प्राध्यापकाच्या साहाय्याने माँटॅग वाचू पाहतो, आपला वरिष्ठ कॅप्टन बीटी याला ठार करतो, शहरातून पळतो आणि रेल्वेच्या जुन्या रुळांच्या कडेने भटकणाऱ्या, एकेक ग्रंथ मुखोद्गत केलेल्या माणसांना जाऊन मिळतो. अखेरीस बाँबवर्षावात शहर नष्ट होते.

'फायरमन' या इंग्रजी शब्दात आग विझवणारा आणि भट्टीत आग चेतवणारा असे दोन्ही अर्थ नांदतात. कादंबरीचा मूळ उपरोध या शब्दावरच तोललेला आहे. 'अग्निशामक' या मराठी प्रतिशब्दात तो पुरता हरवतो, कारण शमन तेवढे त्यात उरते. 'बंबवाला' हा रूढ शब्द या बाबतीत अधिक समर्थ ठरावा. आगीचा बंब आग विझवतो आणि मराठी घरातला पाण्याचा बंब पोटात निखारे घेऊन बसतो. एकाच वस्तुनामात पाणी आणि अग्नी यांचे हे सहअस्तित्व कादंबरीच्या प्रतिमासृष्टीच्या बरेच जवळचे आहे, कारण तीतही अग्नी एकार्थी राहत नाही. पहिल्या भागातील अग्नी नष्ट करण्याचा आनंद देतो, तर शेवटच्या भागात माँटॅगला अरण्यात जी शेकोटी दिसते ती जाळत नसून ऊब देत असते. अग्नी देऊही शकतो, या जाणिवेने माँटॅग चकित होतो. म्हणजे कादंबरी अग्नीला दोषी ठरवीत नाही. कोणत्या संबंधात अग्नी वापरला जातो हे ती पाहते. हा भेद तिच्या बहुतेक वाचनांत दुर्लक्षित राहिला आहे.

३

कॅप्टन बीटीचे दीर्घ भाषण हा कादंबरीचा वैचारिक गाभा होय. ग्रंथबंदी सरकारी फर्मानाने सुरू झाली नाही, असे तो सांगतो. प्रथम ग्रंथांचे संक्षेप झाले, मग संक्षेपांचे संक्षेप. कुणाचेही मन दुखावू नये म्हणून लेखकांनी व प्रकाशकांनी आपणहून धार बोथट केली. लोकांनी वाचणे सोडले आणि शेवटी उरलेले जाळण्यापुरते शासन पुढे आले. ऑर्वेलच्या दुःस्वप्नलोकात सत्ता वरून खाली उतरते. ब्रॅडबरींच्या दुःस्वप्नलोकात ती खालून वर चढते आणि शासन तिच्यावर केवळ शिक्कामोर्तब करते.

या प्रतिपादनाचा पडताळा खुद्द कादंबरीलाच आला. १९६७ साली बॅलंटाइन या तिच्या प्रकाशनसंस्थेने शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत लेखकाला न कळवता अनेक ठिकाणी शब्द व प्रसंग बदलले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस हे उघडकीस आल्यावर मूळ संहिता पूर्ववत करण्यात आली. ग्रंथदाहावरील ग्रंथ कोणत्याही शासनाने जाळला नाही; सद्हेतूने काम करणाऱ्या संपादकांनी तो सोलून काढला.

पुण्यातील घटनाक्रम याच आकृतीत बसतो. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मजकुरावर आक्षेप येताच त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रकाशनसंस्थेने ते भारतातून मागे घेतले. त्यानंतर, ५ जानेवारी २००४ रोजी, संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला करून ग्रंथ, हस्तलिखिते व प्रतिमा यांची नासधूस केली. त्यानंतर राज्य शासनाने पुस्तकावर बंदी घातली. ही बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निर्णय कायम ठेवला. आधी प्रकाशक, मग जमाव, मग शासन हा क्रम बीटीने सांगितलेलाच आहे. हल्ला झाला तेव्हा बाजारातून मागे घेतलेल्या पुस्तकाविरुद्ध तो होत होता, आणि ज्या संस्थेवर झाला तिने ते पुस्तक लिहिले वा प्रसिद्ध केले नव्हते. लेखकाने ऋणनिर्देशात तेथील अभ्यासकांचे आभार मानले होते, एवढाच तिचा संबंध. अभ्यासकांच्या जगात ऋणनिर्देश हा सौजन्याचा भाग असतो. येथे त्याचे वाचन कटाच्या पुराव्यासारखे झाले.

तथापि बीटीची उपपत्ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तो दोष देतो तो लहान लहान गटांच्या हळवेपणाला, अल्पसंख्याकांच्या दबावाला. बीटी हे पात्र आहे, लेखक नव्हे, हे खरे. परंतु १९७९ साली जोडलेल्या उपसंहारात ब्रॅडबरींनी स्वतःही याच सुरात लिहिले आहे. महाराष्ट्रातील अनुभव येथे दुरुस्ती सुचवतो. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रकाशित केला. त्यातील 'रिडल्स इन हिंदूइझम'मधील राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून वादळ उठले. १९८८ च्या आरंभी अमरावतीत त्या खंडाची प्रत जाळण्यात आली आणि तो मजकूर वगळू नये म्हणून दलित संघटनांचे प्रचंड मोर्चे मुंबईत निघाले. परिशिष्ट कायम ठेवून, त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही अशी टीप जोडण्याच्या तडजोडीवर वाद मिटला. येथे भावना दुखावल्याचा दावा संख्येने व सामाजिक स्थानाने बलवान असलेल्यांचा होता, आणि ग्रंथ वाचवण्यासाठी रस्त्यावर आले ते शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवलेले लोक. दुखावलेपण ही सर्वत्र सारखीच राशी आहे असे मानणारी बीटीची उपपत्ती हा फरक पाहू शकत नाही, आणि कादंबरीही तिला प्रत्युत्तर देत नाही. फेबर ग्रंथांच्या गुणवत्तेविषयी बोलतो. ग्रंथ कोणाला उपलब्ध होते आणि कोणाला नव्हते, हा प्रश्न त्याला सुचत नाही.

४

महाडची घटना याच ठिकाणी कादंबरीला सर्वांत कठीण प्रश्न विचारते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथील सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तत्संबंधीचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. ग्रंथदाह म्हणजे असंस्कृतपणा असे समीकरण सरसकट लावले, तर महाड आणि १९३३ चे बर्लिन एका रांगेत येऊन बसतात. तसे करणारे लेखन मराठीत आजही आढळते. त्याला 'हे वेगळे होते' एवढेच उत्तर देणे भावनिक ठरेल. वेगळेपणाचा निकष सांगता आला पाहिजे.

तो निकष कादंबरीच्याच एका दुर्लक्षित तपशिलात सापडतो. अरण्यातील ग्रंथमानवांचा नायक ग्रेंजर माँटॅगला सांगतो, की आम्हीही पुस्तके जाळतो. वाचतो, पाठ करतो आणि सापडू नयेत म्हणून जाळून टाकतो. फायरमन आणि ग्रंथमानव या दोघांच्या हातून एकच कृती घडते. भेद असतो तो दाहाच्या आधी काय झाले आणि नंतर काय उरले यात. फायरमन न वाचता जाळतो आणि मागे काही उरू देत नाही. ग्रंथमानव वाचून जाळतो आणि संहिता जिवंत ठेवतो.

या निकषावर महाडची कृती तपासावी. मनुस्मृती ही दुर्मीळ पोथी नव्हती. तिच्या छापील आवृत्त्या व भाषांतरे उपलब्ध होती आणि दहनानंतरही राहिली. दहन करणाऱ्या चळवळीच्या नेत्याने तो ग्रंथ वाचलेला होता. पुढील आयुष्यभर त्याने तो पुनःपुन्हा वाचला, त्यातील श्लोक उद्धृत केले, त्याच्या रचनेची चिकित्सा केली. विदेशी कापडाच्या होळीशी या कृतीची तुलना करून तिचे प्रतीकात्मक स्वरूपही आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारता'तून स्पष्ट केले होते. जाळले गेले ते त्या ग्रंथाचे अधिकारपद. मजकूर नाहीसा व्हावा, कोणी वाचू नये, असा तिचा हेतू नव्हता. किंबहुना तो लोकांनी नीट वाचावा, म्हणूनच तिची योजना होती. उलट २००४ साली पुण्यात ज्या वस्तूंना हात लागला त्या कोणी वाचून नाकारलेल्या नव्हत्या. वादग्रस्त पुस्तकाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. हस्तलिखिताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. छापील प्रत गेली तर दुसरी मिळते. हस्तलिखित गेले तर एक साक्षीदार कायमचा जातो.

या निकषालाही एक मर्यादा आहे. दाहापूर्वी वाचन झाले म्हणजे प्रत्येक दाह समर्थनीय होतो, असे त्यातून निष्पन्न होत नाही. स्वतः बीटीने पुष्कळ वाचलेले आहे. पेटवून घेणाऱ्या वृद्धेने उच्चारलेले शब्द सोळाव्या शतकात धर्ममतासाठी जाळल्या गेलेल्या लॅटिमरचे आहेत, हे ओळखणारा तो एकटाच असतो. अभ्यासू परीक्षक हा मराठी वाचकाला अपरिचित नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली त्यावर बंदी आली. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे पीडित राष्ट्र हा रूपकार्थ राज्यकर्त्यांनी अचूक उलगडला होता. वाङ्मयीन दृष्ट्या ते उत्तम वाचनच म्हणावे लागेल. पण त्या वाचनाचा शेवट इतरांचे वाचन थांबवण्यात झाला. म्हणून निकषाची दोन्ही अंगे एकत्र घ्यावयास हवीत : स्वतः वाचलेले असणे आणि दुसऱ्याच्या वाचनाची वाट मोकळी ठेवणे. यांपैकी पहिले अंग बीटीजवळ आहे, दुसरे नाही.

५

कादंबरीचा शेवट सामान्यतः आशावादी मानला जातो. पुस्तके गेली तरी माणसे उरली, आणि माणसांत पुस्तके उरली. 'उपदेशका'चे पुस्तक माँटॅगच्या वाट्याला येते. या शेवटाकडे मराठी वाचक वेगळ्या नजरेने पाहू शकतो. कारण जे ब्रॅडबरींनी कल्पिले ते मराठी वाङ्मयाच्या आरंभीच घडल्याची परंपरा आहे.

म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरास चक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरवला आणि ज्यांना तो मुखोद्गत होता त्या अनुयायांच्या स्मृतीवरून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसेच्या स्मरणशक्तीची ख्याती याच संदर्भात सांगितली जाते. हा प्रसंग अरण्यातील ग्रंथमानवांचा पूर्वावतार वाटावा असा आहे. परंतु पुढचा भाग कादंबरीत नाही. स्मरणातून सिद्ध झालेला 'लीळाचरित्रा'चा ग्रंथ एक राहिला नाही. त्याचे वेगवेगळे पाठ झाले. लीळांची संख्या, क्रम आणि शब्द यांत फरक पडले आणि कोणता पाठ प्रमाण मानावा हा संशोधकांपुढील प्रश्न आजवर टिकून आहे.

मराठीतील 'पाठ' हा शब्द या ठिकाणी विलक्षण बोलका आहे. पाठ म्हणजे घोकून मनात साठवलेले, पाठ म्हणजे शिकवण्याचा धडा, आणि पाठ म्हणजे संहितेचे एक विशिष्ट रूप, ज्याला दुसरा पाठभेद असतो. ग्रंथमानवांना या शब्दाचा पहिला अर्थ ठाऊक आहे, तिसरा नाही. मनुष्य म्हणजे जिवंत मुद्रणप्रत, असे ते गृहीत धरतात. एकाने शब्द विसरला, दुसऱ्याने आपल्या समजुतीने भर घातली, तिसऱ्याने अप्रिय वाक्य गाळले, तर काय, ही शंका कादंबरीत उपस्थितच होत नाही. म्हणजे स्मृतीही संक्षेप करते, तीही सोलते. बीटी ज्या प्रक्रियेचे वर्णन करतो तीच प्रक्रिया अरण्यातही सुरू राहू शकते, फक्त अग्नीवाचून. बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा मागोवा घेऊन १९६६ साली पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे या प्रश्नाला दिलेले एका संस्थेचे उत्तर होते. अनेक पाठ समोर ठेवायचे, निवड करायची आणि नाकारलेले पाठही तळटीपेत जपून ठेवायचे, ही तिची रीत. नाकारलेल्यालाही जागा देणारी ही तळटीप म्हणजे ग्रंथदाहाच्या नेमके विरुद्ध असलेले कृत्य होय. २००४ साली जो हल्ला झाला तो अशा तळटिपांच्या घरावर झाला, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

महानुभावांनी दुसराही मार्ग स्वीकारला. त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ग्रंथ वाचले, पण मराठीचा हा आद्य गद्यठेवा विसाव्या शतकाच्या आरंभी लिप्यांचा उलगडा होईपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला नसल्यासारखाच होता. संरक्षण आणि अनुपलब्धता यांतील अंतर किती थोडे असते, हे यातून ध्यानी येते. याउलट तुकारामांच्या गाथेची कथा. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या, असे परंपरा मानते. या चमत्काराचा अर्थ लावताना, अभंग लोकांच्या मुखी असल्याने ते बुडणे शक्यच नव्हते, असे विवरण अनेकांनी केले आहे. तेथेही पाठ एक राहिला नाही. १८६९ व १८७३ साली शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबई सरकारच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या आवृत्तीत देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पाठांचा विचार करावा लागला. अवघ्या काही वर्षांनी याच राजवटीने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. एकच सत्ता एका हाताने संहिता जपते आणि दुसऱ्या हाताने संहिता अडवते; ब्रॅडबरींच्या एकरंगी शासनयंत्रणेत हे द्वैत मावत नाही.

६

अखेरीस या कादंबरीच्या भूगोलाचा विचार करावा. तिच्यात शहर म्हणजे विस्मरण आणि अरण्य म्हणजे स्मरण अशी विभागणी आहे. शहरावरून लढाऊ विमाने सतत घोंगावत असतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजी अमदानीत धावपट्टी बांधली गेली. युद्धाचे आकाश या झाडीच्या मुलखावर असे फार लवकर येऊन पोचले. झाडीपट्टी हे नावच अरण्यावरून पडलेले आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत उभी राहणारी दंडार, खडी गंमत आणि झाडीबोलीतील गाणी ही तेथील मुखोद्गत संहिता होय. ब्रॅडबरींचे ग्रंथमानव छापील ग्रंथ नष्ट झाल्यावर अरण्यात शिरतात आणि स्मृतीचा आश्रय घेतात. झाडीतील गाणाऱ्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे : त्याची संहिता स्मृतीतच जन्मली आणि तिचा फार थोडा भाग कागदापर्यंत पोचला.

बिरसीच्या धावपट्टीजवळ उभे राहून ही कादंबरी वाचली तर तिचे एक गृहीतक उघडे पडते. जाळण्यासाठी ग्रंथ आधी अस्तित्वात असावा लागतो. जे कधी लिहिलेच गेले नाही त्याच्या नाशाला अग्नी लागत नाही, जमाव लागत नाही, बंदीहुकूमही लागत नाही. एक म्हातारा दंडारकरी गेला की पुरते. अशा नाशाची तारीख कोठे नोंदवली जात नाही, त्यावर न्यायालयात दावा चालत नाही आणि तळटीपही उरत नाही. ब्रॅडबरींच्या दुःस्वप्नलोकात शेवटची राख तरी हाती लागते. येथे राखही नसते.

'फॅरनहाइट ४५१'चे मोठेपण यामुळे उणावत नाही. वाचणे आणि दुसऱ्याला वाचू देणे या दोन गोष्टी एकमेकींपासून तुटल्या की अग्नी फायरमनचा होतो, हे सत्य तिने कथारूपाने मांडले. मात्र जपण्याचे काम स्मृतीवर सोपवून ती जेथे थांबते, तेथून मराठी वाङ्मयाचा अनुभव पुढे सुरू होतो. पाठ केलेल्याचा पाठभेद नोंदवणे, नाकारलेल्याला तळटिपेत ठेवणे आणि जे अद्याप लिहिले गेलेले नाही ते लिहून घेणे, ही कामे अरण्यातल्या शेकोटीइतकी उत्कट नाहीत. ती संथ, कष्टाची आणि बहुधा निनावी असतात. ग्रंथदाहाचे खरे प्रत्युत्तर मात्र त्यांतूनच दिले जाते.